तारखेचा रकाना

फॉर्मवर पहिला रकाना तारखेचा.
आन्सेल्मो म्हणतो, तारीख नाही सांगता येणार,
पण त्या दिवशी वारा पडला होता.
आणि पातागोनियात वारा पडणं
ही लक्षात राहण्यासारखी गोष्ट आहे.
मी लिहिते: ऑक्टोबर, दुसरा आठवडा, बहुधा.

त्याआधीच्या उन्हाळ्यात कोलिउए फुलला होता.
कोलिउए म्हणजे इथला वेळू.
माणसाच्या जन्मात एकदा फुलतो,
फुलतो आणि वाळून जातो.
बी पडलं घोटाभर.
लांबशेपट्या उंदरांच्या शंभर पिढ्यांनी
अशी सुगी पाहिली नव्हती.
मग बी सरलं, बर्फ पडलं,
आणि ते माणसांच्या दाराशी आले,
भुकेले,
कुणावर काही राग नसलेले.

कोठी कुणी उघडली?
एदुविनाने.
कशासाठी?
पाळणा काढायला. मुलगी यायची होती नेउकेनहून,
पहिलं बाळ घेऊन.
झाडलं कशाने?
खराट्याने.
आधी पाणी शिंपडलं होतं?
तो माझ्याकडे बघतो. कोरडंच झाडतात, बाई.
दारातून तिरीप येत होती, तीत धूळ तरंगत होती,
ती शिंकली,
मी अंगणातून ओरडलो, "सालूद!"
सालूद म्हणजे आरोग्य.
यासाठी रकाना नाही. मी समासात लिहिते.

मग फॉर्म उलटा करून मी टेबल काढते.
बारशाचा दिवस, नऊ खुर्च्या.
एक तुंबा, एक नळी, मातेचा कडू काढा,
ओतणारी एदुविना, अंगात कणकण,
पहिला घोट रिवाजाने तिचाच.
नळी पुसायची नसते. पुसणं हा अपमान.
आणि इथे "ग्रासियास" म्हणजे नुसते आभार नव्हेत.
तुंबा परत देताना म्हटलं, की "पुरे",
तुमची पाळी संपली.

मला वाटलं होतं, इथे हिशेब लागेल.
पण नेरेओ पहिल्याच फेरीत ग्रासियास म्हणाला
आणि अकराव्या दिवशी गेला, श्वास पुरेना म्हणून.
मुलगी आईला खेटून बसली होती,
शेवटपर्यंत प्यायली.
तिला काहीच झालं नाही.
बाळ त्याच पाळण्यात झोपतं अजून.
नऊ खुर्च्या, तीन फुल्या.
मी बाण काढते, खोडते.

कोठीत चाळीस पिंजरे लावलेत, आत ओट.
सकाळी एक मादी सापडली, सत्तावीस ग्रॅम, गाभण,
हातमोज्यातही तिचं काळीज लागत होतं बोटाला.

निघताना मी माहितीपत्रक देते.
आधी दारं-खिडक्या अर्धा तास उघडा.
मग क्लोरीनचं पाणी शिंपडा.
कोरडं झाडू नका.
आन्सेल्मो सावकाश वाचतो, ओठ हलवत,
मग पान उलटून बघतो, पुन्हा सुलटं करतो.
"हे छापलं कधी?"

गठ्ठा जीपच्या मागच्या बाजूला होता.
घाटात बर्फ होतं, मग डिझेल नव्हतं,
मग एक सही राहिली होती.

तो वाट बघतो. मघाशी मीही अशीच बघत होते.

"ऑगस्ट," मी म्हणते.

तो काही बोलत नाही. किटली चुलीवर ठेवतो,
तुंबा भरतो, पहिला घोट स्वतः घेतो
आणि दुसरा भरून माझ्यापुढे धरतो.
मास्क मी खाली करू शकत नाही.
तुंबा हातात घेते. गरम आहे.
ओठांवर आलेला शब्द
मास्कच्या आतच राहू देते.