बोटभर काळी पट्टी

पत्र्यावर नेम धरला तर तापमानाची बंदूक म्हणाली, अकरा.
एप्रिल, दुपारचे अडीच, जनता वसाहत, गल्ली सतरा.
खाली कौसल्याबाई काळोखे ओलं फडकं मानेवर ठेवून उभ्या
आणि वर मी, गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं, हातात अकरा अंश.

"किती आलं?"
मी काही बोलले नाही.

नवा पत्रा स्वतःचं काही सांगत नसतो.
त्याला विचारावं तर तो आभाळ दाखवतो,
पर्वतीच्या वरचं, कोरडं, गार, कुणाच्याच नावावर नसलेलं.
ऊन परतवतो बराचसा, पण जे आत शिरलं
ते त्याच्याने सोडवत नाही,
रात्री दोनलासुद्धा.

मग वायरमनची काळी पट्टी लावली, बोटभर.
पाच मिनिटं थांबले.
पट्टीवर नेम धरला.
"एकसष्ट!" मी खाली ओरडले.
"असेल," बाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

बावधनच्या ऑफिसात, एसी चोवीसवर, मी त्यांची खोली भरायला घेतली.
लांबी दहा फूट, रुंदी नऊ.
पत्र्याची उत्सर्जकता शून्य दशांश पंचवीस,
चुन्याचे दोन हात दिले तर शून्य दशांश नऊ.
वारा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, मोकळ्यावर मोजलेला.
गल्ली सतरात येईतो तो कुणाच्या तरी वाळत्या साडीत अडकून पडतो,
पण त्यासाठी रकाना नाही.

पूर्वेची भिंत सामाईक.
इथे सगळेच लिहितात: उष्णता वाहत नाही.
पलीकडेही इतकंच तापलेलं असणार, असं धरून चालायचं.
मीही धरलं. आलेख सुरेख आला,
मोजलेल्या आकड्यांपासून साडेतीन अंश लांब.

दोन दिवस चूक शोधली. पत्र्यात, वाऱ्यात, माझ्यात.
मग आठवलं,
त्या भिंतीशी खाट नव्हती.
जागा खाटेचीच होती, पण तिथे कुरडयांची परात होती
अन् बाईंची सून म्हणाली होती,
"हितं उन्हाची गरज नाय, एका दिवसात खडखडीत."

पलीकडे परदेशींची कोळशाची इस्त्री. सकाळी सहापासून.

सीमेवरची अट बदलली. आकडे जुळले.
अहवालात सोळाव्या पानावर एक ओळ:
पूर्व भिंत, प्रत्यक्ष पाहणीनुसार.
कुरडया कशा लिहिणार.

पट्टी काढायची राहिलीच वर.
चुन्याचे पैसे मंजूर होईपर्यंत
त्या सबंध छपरात तेवढीच बोटभर जागा
रात्री आपला ताप
आभाळाला सांगत असेल.