तीनाने भागून

उझगेनच्या उतारावर, दीड मीटर खड्ड्यात
लोखंडी ताटली ठेवली, वर जॅक,
जॅकच्या डोक्यावर दगडांनी भरलेला ट्रक.
एक टन. दोन. साडेतीन.
पिवळी माती हूं की चूं करीना.

"बघा," सागिनबेक म्हणाला, "दोन मजले चढवतो.
खाली बेकरी, वर लेकीचा संसार."
धारणक्षमतेच्या रकान्यात मी आकडा लिहिला.
देखणा आकडा होता.

बुर्माकान आजी काठावर बसून बघत होती.
उठली, किटलीतला उरलेला चहा
खड्ड्याच्या कोपऱ्यात ओतला. बोलली काहीच नाही.
चहा पडला तिथे माती
साखरेसारखी बसली.

मग आम्ही पाटाचं पाणी आणलं,
रात्रभर मुरू दिलं.
सकाळी त्याच साडेतीन टनांखाली
सुई फिरत राहिली, फिरत राहिली,
ताटली सहा बोटं खाली.

वाऱ्याने आणून टाकलेली माती ही,
कणाकणामध्ये वाऱ्याची जागा अजून राखून.
कोरडी आहे तोवर शब्दाला पक्की.

अहवालात ओला आकडा घेतला,
तीनाने भागला.
"तीनच का?" सागिनबेकने विचारलं.
मी पुस्तकातलं उत्तर दिलं.
खरं तर मलाही नीटसं माहीत नाही.
किटली किती वेळा सांडेल, पाट कुठे फुटेल,
माझं कुठे चुकलं असेल,
ते सगळं त्या तिनात धरलंय, अंदाजे.

एकच मजला. पाया रुंद. छपराचं पाणी लांब न्यायचं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी दिसला, फावडं घेऊन
पन्हळीच्या पाण्यासाठी चर खणताना.
घर अजून कागदावरच होतं.