फारुस्कोचा पाय

मोंदेगूच्या काठी, जुन्या धुण्याच्या पायऱ्यांपाशी
साबणफूल अजून उगवतं. फिकट गुलाबी,
कोणी लावलेलं नसताना.
इथल्या बायका त्याची मुळं ठेचून लोकर धूत.
मी त्याच झाडाच्या बियांतलं
मिठाच्या कणाएवढंही नसलेलं काहीतरी
उणे ऐंशीच्या फ्रीजमधून बर्फात ठेवून आणते
आणि वहीत लिहिते:
अल्दिना फेरेइरिन्या, सकाळी सात चाळीस, कुत्रा क्रमांक नऊ.

एकटं असताना ते फारसं कुणाचं बिघडवत नाही.
पेशीच्या उंबऱ्याबाहेर ताटकळतं,
ओळख ना पाळख, कोण घेणार आत?
म्हणून आम्ही त्याच्या हाती एक चिठ्ठी देतो.
चिठ्ठीवरचं अक्षर दुखण्याचं.

मज्जारज्जूत काही पेशी अशा आहेत
की जन्मभर हेच टपाल त्यांच्या दारी येतं:
पाय ठणकतोय, वर कळवा.
पाय ठणकतोय, वर कळवा.
त्या दार उघडतात.
शेजारची, तोच पाय हलवणारी पेशी
अक्षर ओळखत नाही, उघडत नाही, वाचते.

आत गेल्यावर आरडाओरडा नसतो.
प्रथिनं विणणाऱ्या मागाचा एकच टाका उसवायचा.
मग पुढच्या मागाचा.
काही दिवसांत सगळे माग गप्प,
आणि पत्त्यावर कुणीच राहत नाही.

बेल्मीरू साराइवा. फरशा बसवायचे,
दोन्ही गुडघे त्यातच झिजले.
संमतीचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"गाठ मरणार नाही?"
"नाही," डॉक्टर इलिडिया म्हणाल्या.
"मग मारायचं नेमकं कुणाला?"
"वर बातमी पोचवणाऱ्यांना."
ते हसले. हसताना खालचे दात दिसले.
"जुन्या राजवटीत आमच्या गल्लीत होता तसा एक.
तो मेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी खिडक्या उघडल्या होत्या."
आणि सही केली.

चौथ्या दिवशी फारुस्कोनं पुढचा डावा पाय टेकला.
आधी नखं, मग पंजा, मग सगळा भार,
जणू पाय कुणाकडून उसना आणलाय.
दहाव्या दिवशी कबुतरांमागे धावला.
साराइवा पिशवीभर संत्री घेऊन आले,
सोलून सोलून आम्हाला देत राहिले,
स्वतः एक फोड खाल्ली नाही.
रात्री दोघंही झोपतात म्हणाले.
मी आलेखावर ठिपका दिला. खूप खाली. सुंदर ठिपका.

अकराव्या आठवड्यात
केब्रा-कोश्तशच्या दगडी जिन्यावर हाड मोडलं.
साराइवा सांगतात, आवाज त्यांनी ऐकला,
वाळकी काटकी मोडावी तसा.
फारुस्कोनं तो ऐकला असेलही,
पण तो आवाज आपला आहे हे त्याला कोण सांगणार?
तो उठला. वाकड्या पायावर उभा राहिला.
पुढची पायरी उतरायला निघाला.
म्हातारा ओरडला, तेव्हा थबकून मागे पाहिलं,
तुला काय झालं, असं.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
त्या दिवशी जळत होतं एकाचं,
कळत होतं दुसऱ्याला,
आणि जिन्यावर कॅमेरे घेतलेले पाहुणे दोघांना वळसा घालून जात होते.

शेवटचं इंजेक्शन वेगळं होतं, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.
साराइवांनी विचारलं,
"अकरा आठवडे. चांगले होते ना?"
प्रश्न मला होता की कुत्र्याला, कळलं नाही.
मी हो म्हटलं. होते.
ते पट्टा खिशात कोंबून निघाले,
पट्ट्याची कडी दारापर्यंत बाहेर लोंबत होती.

कुत्रे चौदा. बाराजण बरे चालले.
निष्कर्ष छापून येईल, यावाही.
मी स्वतः तो ठिपका पुसणार नाही.
फक्त नऊ क्रमांकाच्या फॉर्मवर
"आढळलेले दुष्परिणाम" असा रकाना होता,
दोन बोटं रुंद.
मी बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं:
शेपूट हलवत होता.

डॉक्टर इलिडियांनी वाचलं.
खोडलं नाही.