साप नसलेल्या बेटावर

आपल्या बेटावर साप नाहीत, सिग्रिड.
कुणी म्हणतं थंडीमुळे,
कुणी म्हणतं समुद्राने येऊच दिले नाहीत.

तरी नऊ वर्षं, एक दिवसाआड,
मी तुला सुई टोचली.
आधी उजवी मांडी, मग डावी, मग पोट.
कॅलेंडरवर मेंढ्या भादरायच्या तारखेशेजारी
निळ्या पेन्सिलीची फुली.
औषध फ्रिजमध्ये, लोण्याच्या वरच्या कप्प्यात.
रात्री तुला हुडहुडी भरायची,
मी पांघरुणावर पांघरूण घालत म्हणायचो,
बघ, लागू पडतंय.

त्या वेळच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
पांढरे ठिपके. सात.
“ऑर्कनीच्या का तुम्ही?”
आपण हो म्हणालो,
गुन्हा कबूल करावा तसं.
मल्टिपल स्क्लेरोसिस.
अर्थ विचारावा लागला नाही.
तुझी मेमीमावशी, पोस्टातले फ्लेट,
धक्क्यावरच्या घरातली ती दोघं भावंडं.
इथे वाऱ्याला कोण पुरावा मागतं?

मी होडी विकली, शेवंडांच्या पिंजऱ्यांसकट.
पलंग वरच्या खोलीतून खाली आणला.
मुलाचा विषय तू एकदाच काढलास,
भांडी विसळताना, पाठमोरी.
मी ऐकलं.
नळ चालू होता म्हणून ऐकलं नाही
असं दाखवलं.

आणि आज अबर्डीनला
ती पोरगेलीशी डॉक्टर, बाहीवर चहाचा डाग,
त्याच सात ठिपक्यांपाशी इतका वेळ बसली
की मला वाटलं आठवा सापडला.
मग म्हणाली, हे ते नाही.
कधीच नव्हतं.
अर्धशिशी.
तुझी आई भर दुपारी पडदे ओढून निजायची,
ती.

साप साप म्हणून भुई धोपटली आपण.
भुई कोण होती, सिग्रिड?

परतीच्या बोटीवर मला वाटलं तू हसशील.
निदान रडशील, डॉक्टरला शिव्या देशील, मला देशील.
तू म्हणालीस,
“गुरुवारच्या बायकांना काय सांगू?
इसोबेलला तर आता चमचाही धरता येत नाही.”
मग बराच वेळ काही नाही.
कॉफी गार झाली, ती तशीच प्यायलीस.
डेकवर जाताना कठडा धरलास,
पायऱ्या मोजल्यास,
चौथीवर थांबलीस, नेहमीसारखी,
आणि तिथेच उभी राहिलीस,
मागून येणारी माणसं खोळंबली तरी.

घरी आलो तेव्हा उजेड होता,
जूनमध्ये इथे तो जातच नाही.
मी कुत्र्याला खायला घातलं,
साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत,
फ्रिज उघडला.
चार सुया उरल्या होत्या.
तेव्हा कुठे लक्षात आलं.

वळून पाहिलं तर
तू खुर्चीत बसलेली,
स्कर्टची कड मांडीवर सारून,
खिडकीबाहेर बघत,
वाट पाहत.
आज फुलीचा दिवस होता.