दुसरा अंक, तिसरा प्रवेश

सावईवेऱ्याच्या जत्रेत, रात्री दोनला,
नायक नायिकेचा हात धरायचा.
तेवढाच. मनगटापर्यंत.
मास्तरांची ताकीद होती: समोर देवळाची पायरी आहे,
आणि पहिल्या रांगेत आमची आई.

मग सगुण लायटवाला सगळे दिवे मालवायचा
आणि विंगेत मी अकरा मोजायचो.

पेटीवाला एकच काळी पट्टी दाबून बसे.
काळोखात चणे फुटल्याचा आवाज,
बायकांच्या बाजूने एक खोकला, गरजेपेक्षा लांबलेला.
तेवढ्यात मी आणि वासू
अनवाणी जाऊन खाट उचलायचो.
म्हापशाहून आणलेली नायिका मानेचा घाम पुशी,
नायक कुजबुजे, ‘विडी आसा रे?’
खाट फणसाची, जड.
एकदा बोट चेंगरलं, ओरडता आलं नाही.

अकरा.
उजेड.
नायिका बिमलं चावत उभी,
सासू पाळण्यावरची धूळ झटकतेय.
टाळ्या.

घरी जाताना धाकटी विचारी, ‘काळोखात काय झालं?’
आई म्हणे, ‘सीन बदलला. खाली बघून चाल.’
मी सुजलेलं बोट चोखत मागे.
पोरं कशी येतात ते अख्ख्या गावात मलाच ठाऊक:
दोघांनी दोन बाजूंनी धरायचं,
पायांचा आवाज करायचा नाही,
आणि पाळणा खिळ्यांच्या खुणेवरच ठेवायचा.

पुढे माझ्या लग्नाच्या रात्री
वीज गेली.
सवयीने मी मोजू लागलो.
ती म्हणाली, ‘कसले आकडे?’

अकरा झाले. बारा. तेरा.
खाट न्यायला कोणी आलं नाही.