नऊ पानं

नऊ पानं. आईने मला नऊच शिकवली,
आठ नाहीत, दहा नाहीत,
आणि नऊच का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पॉइंत-आ-पित्रच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांपलीकडे,
चाळीस वर्षं एक घडीचं टेबल, वर निळी ताडपत्री,
आणि केळीच्या सोपटाने बांधलेल्या जुड्या.
पोटात कळ आली तर ही. खोकल्याला ती, मध घालून.
झोपेला कोरोसोल.

सीताफळाच्याच कुळातलं झाड. फळाला मऊ काटे,
आत आंबटगोड, ओला कापूस.
पान चुरगळलं की बोटांना वास राहतो
दिवसभर, साबणालाही न जुमानता.

इस्मेरी शिवायची. पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक,
अख्ख्या सेंत-रोझ गावाच्या मुलींचे.
टीप इतकी बारीक, की उसवायला गेलं तर कापड फाटेल, टीप नाही.
मग एका सप्टेंबरात बोट परत आली, तेलेफ नाही.
तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागेना.

मीच म्हटलं, घे. कडू लागेल. झाकण ठेवून उकळ.
तिसऱ्या रात्री ती झोपली.
गुरुवारी आली तेव्हा माझ्यासाठी उशीचा अभ्रा शिवून आणला होता,
कोपऱ्यात, हिरव्या दोऱ्याने, एक पान.

पुढे तिच्याकडून पैसे घेणं मी सोडलं.
थांब, असं मात्र कधी म्हटलं नाही.
थांब म्हणायचं असतं, हे मला कुठे माहीत होतं?
झाडपाल्याचं आहे, बाधणार नाही:
हे वाक्य मी वडीसारखं रोज फुकट वाटलं.

आधी सुईत दोरा जाईना. म्हटलं, वय.
मग जिना उतरताना पडली. म्हटलं, चपला.
मग एके दिवशी मशीनपुढे बसून म्हणाली,
ओनोरीन, माझी नजर खाली उतरत नाही.
कापड मांडीवर, आणि डोळे समोरच्या भिंतीवर,
कुणीतरी तिथे खिळल्यासारखे.

हॉस्पिटलात तिला कागदावर गोगलगाय काढायला लावली,
आतून बाहेर, गोल गोल.
तिची रेघ म्हणजे उसवलेली शिलाई.
डॉक्टर मोंदेझीर तरुण बाई, नखं कापलेली, आवाज हळू.
चहा कुठला पिता, हे तिने विचारलं
आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या घामेजले.

ती म्हणाली, खात्रीने नाही सांगता येत.
पिऊनही ताठ चालणारे आहेत, न पिता पडलेलेही आहेत.
पण संशय आहे, आणि संशय पुरेसा आहे.
आजपासून बंद. पानंही, आणि फळाचा रसही.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला:
सतरा वर्षं, रोज नऊ.
पंचावन्न हजार आठशे पंचेचाळीस,
लीप वर्षं सोडून.
बेरीज बरोबर आली की बरं वाटतं, अशी माझी सवय.
नाही वाटलं.

आता गिऱ्हाईक आलं की मीच आधी विचारते,
किती दिवसांपासून? दुसरी कुठली गोळी चालू आहे?
पोटुशी आहेस का? हात दाखव.
पलीकडची आंजेल हसते, म्हणते, पोलिसात भरती झालीस वाटतं.
धंदा निम्म्यावर आला.
काल एक पोरगा आला, आईची झोप उडालीय म्हणाला.
त्याला नारिंगाची पानं दिली, सात रात्रींपुरती,
आणि दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.
नारिंगही आतल्या आत काही मोजत असेल का,
ते मला ठाऊक नाही. तेही त्याला सांगितलं.

परसातलं झाड तोडलं नाही मी.
नऊ म्हणजे किती, त्याला काय माहीत.

गुरुवारी इस्मेरीकडे जाते. दहा सुया ओवून ठेवते,
पांढरा दोरा, गाठ मारून.
पुढच्या गुरुवारी दहाच्या दहा तशाच असतात.
मी काही बोलायच्या आत, भिंतीकडे बघत, ती म्हणते:
तेव्हा झोप लागली नसती, तर मी त्याच्यामागे पाण्यात गेले असते.

मी अकरावी सुई ओवायला घेते.
आज मलाच भोक दिसत नाही.