आत्या तिथपर्यंत

कुताइसीच्या स्टेशनामागे, ओतियाच्या दुकानात
दोन खोकी समोर.
सीडी रायटर पंचावन्न लारी,
डीव्हीडीचा एकशे चाळीस.
"साडेसहापट मावतं," ओतिया म्हणाला,
मक्याच्या पोत्याबद्दल बोलावं तसं.

माझ्याकडे काय होतं भरायला?
लामारा आत्याची एक कॅसेट, चाळीस मिनिटांची.
त्यातली नऊ खोकल्यात गेलेली,
दोन शेजारणीला शिव्या देण्यात,
मग अक्रोडाच्या वाटणाची कृती,
तीही लसणापाशी तुटलेली.

तरी हात महागाकडेच गेला.
पुढे लागेल म्हणून.
पुढे काय, ते ओतियानेही विचारलं नाही.

घरी वीज नव्हती.
मेणबत्तीशी बसून चार स्क्रू पिळले, वाट पाहिली.
अडीचला दिवे आले, फ्रिज गुरगुरला.
आणि आठवलं,
गावी चुलतबहिणीकडे साधा सीडी प्लेयरच आहे.

मग त्या नव्याकोऱ्या यंत्रात
सीडीच घातली, ओतियाने फुकट दिलेली.

सकाळी खिडकीशी तिरपी धरली.
आतून एक गडद कडं, अर्ध्यापर्यंत.
आत्या तिथपर्यंत.
त्यापुढे नुसती चकाकी,
आणि माझ्या अंगठ्याचा ठसा.